टूथपेस्टचे आधारस्तंभ

माणसाच्या शरीरातली सगळ्यात टणक गोष्ट कोणती, या प्रश्नाचं आमच्या घरात एकच उत्तर होतं आणि ते देताना बायको माझ्या डोक्याकडे बघायची. विज्ञानाने मात्र हा मान दातावरच्या एनॅमलला दिलेला आहे. हाडापेक्षा टणक असं हे कवच वजनाने जवळजवळ ९६ टक्के खनिज आहे. कॅल्शियम आणि फॉस्फेटचे बारीक स्फटिक दाटीवाटीने बसलेले आणि उरलेल्या जागेत थोडं पाणी, थोडं प्रथिन. जिवंत असं त्यात काहीही नाही. ज्या पेशी हे कवच घडवतात, त्या दात हिरडीतून वर येईपर्यंत काम आटोपून नाहीशा होतात. मोडलेलं हाड जुळतं, खरचटलेली कातडी भरून येते, पण एनॅमलचा टवका उडाला की उडाला. तक्रार करायची म्हटलं तर ज्यांनी काम केलं ते हयात नाहीत.

इतकी अनमोल वस्तू आपण रोज सकाळी अर्धवट झोपेत, एका डोळ्याने आरशात बघत, कुठल्या तरी पेस्टच्या हवाली करतो. मराठी माणूस कोथिंबिरीची जुडी उलटीपालटी करून, देठ मोडून, वास घेऊन विकत घेतो. आंब्याच्या पेटीतला खालचा थर बघितल्याशिवाय पैसे देत नाही. टूथपेस्ट मात्र ‘एकावर ब्रश फुकट’ एवढ्या एकाच निकषावर घरात येते. तिच्यात काय आहे हे वाचायची वेळ सहसा एकाच कारणाने येते. घरात कुणी तरी व्हॉट्सअ‍ॅप वाचून येतं.

आमच्याकडे सासरे आले. येताना सोबत तीन शोध घेऊन आले. पहिला, फ्लोराइड हे विष आहे. दुसरा, पेस्टच्या फेसाने एनॅमल विरघळतं. तिसरा सगळ्यात सोपा होता. ट्यूबच्या शेपटीवर जो रंगीत चौकोन असतो, तो हिरवा असेल तर माल नैसर्गिक, निळा असेल तर अर्धा नैसर्गिक अर्धा औषधी, आणि काळा असेल तर नुसतं केमिकल. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानात त्यांनी फळीवरच्या झाडून सगळ्या ट्यूबा उलट्या केल्या. वाण्याला वाटलं, वजनमापे खात्याचा माणूस आलाय. त्याने ताबडतोब पंखा लावला.

तो चौकोन कारखान्यातल्या यंत्रासाठी असतो. ट्यूब कुठे कापायची आणि कुठे दुमडून बंद करायची, हे यंत्राच्या प्रकाशडोळ्याला कळावं म्हणून वेष्टनाच्या रंगावर उठून दिसेल असा ठिपका छापतात. पांढऱ्या ट्यूबवर काळा, लाल ट्यूबवर आणखी कुठला. हे मी सासऱ्यांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, “जावईबापू, यंत्राला डोळे असतात हे तुम्हाला पटतं, आणि मी सांगतो ते पटत नाही.” मग मी भिंग आणलं आणि आम्ही दोघांनी ट्यूबची पाठ वाचायला घेतली.

टूथपेस्टची ट्यूब म्हणजे हुबेहूब सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ आहे. पुढच्या बाजूला भला मोठा फ्लेक्स. त्यावर लवंग, कडुनिंब, पुदिना, मीठ, हल्ली कोळसासुद्धा, सगळे हसतमुख, सगळे आधारस्तंभ, मार्गदर्शक, प्रेरणास्थान. मागच्या बाजूला मात्र मुंगीच्या अक्षरात खऱ्या कार्यकर्त्यांची यादी. तिथे सॉर्बिटॉल, सिलिका, कॅल्शियम कार्बोनेट, सोडियम लॉरिल सल्फेट, टायटॅनियम डायऑक्साइड, सॅकरिन, आणि शेवटून कुठे तरी दबकून उभं असलेलं सोडियम मोनोफ्लुरोफॉस्फेट. मंडळाचा हिशेब बघायचा तर फ्लेक्सकडे पाठ करून या यादीकडेच बघावं लागतं.

पहिली फळी घासणाऱ्यांची. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे आपली चुनखडी, शाळेतल्या फळ्याच्या नात्यातली. खनिजांच्या टणकपणाची जी १ ते १० अशी मोहस् मोजपट्टी आहे, तिच्यावर एनॅमल साधारण ५ वर बसतं आणि चुनखडी ३ वर. म्हणजे चुनखडीने एनॅमलला ओरखडा काढायचा म्हटलं तरी ते तिच्या आवाक्याबाहेर आहे. खायचा सोडा तर त्याहूनही मऊ. अडचण येते ती एनॅमलच्या खाली. हिरडी खाली सरकली की दाताचं मूळ उघडं पडतं, तिथे एनॅमल नसतं, पिवळसर डेंटिन असतं आणि ते बरंच मऊ असतं. म्हणून पेस्टचा खरखरीतपणा मोजण्याची जी जागतिक पद्धत आहे, ती डेंटिनवरच मोजते. तिच्यात २५० ही वरची मर्यादा आहे. हा आकडा आपल्याकडच्या बहुतेक ट्यूबांवर छापलेला नसतो. ‘झळझळीत शुभ्र’ असं ज्यांच्या कपाळावर लिहिलेलं असतं, त्या पेस्टी सहसा जास्त खरखरीत असतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

इथे कुणी तरी आजोबा काढतंच. महाराष्ट्रात ज्याचे आजोबा ऐंशीव्या वर्षी दाताने ऊस सोलत नव्हते, असा माणूस मला अजून भेटलेला नाही. हे सगळे आजोबा राखुंडी वापरायचे. गोवरीची राख, ती फडक्यातून चाळलेली, त्यात चिमूटभर मीठ, क्वचित तुरटी. अंगणातल्या दगडावर उकिडवं बसून, तर्जनीने, करकर आवाज येईपर्यंत. तो आवाज म्हणजे स्वच्छतेची पावती. प्रत्यक्षात करकर वाजत असतात ते राखेतले वाळूचे कण. आणि वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, मोहस् मोजपट्टीवर ७ वर आहे. ती एनॅमलला सरळ ओरखडे काढते. मग आजोबांचे दात टिकले कसे? त्यांच्या घरात साखर सणाला यायची, दिवसातून आठ वेळा चहा-बिस्किट नव्हतं. शिवाय ज्यांचे दात पन्नाशीतच गेले असे आजोबाही गावात होते, पण ओसरीवर बसून वरणात भाकरी कुस्करून खाणाऱ्या आजोबांची आठवण कुणी नातवाने बढाईने सांगितलेली मी ऐकलेली नाही.

आज्ज्यांचं प्रकरण आणखी निराळं. त्यांची मशेरी. तव्यावर तंबाखू टाकायची, ती धुराने काळी पडेपर्यंत भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग हाताने चुरून डबीत भरायची. सकाळी बोटावर चिमूटभर घेऊन दातांवर आणि हिरड्यांवर फिरवत बसायचं. नाव दात घासण्याचं आणि काम तंबाखूचं. म्हणूनच दात घासून झाले तरी आजीचं बोट तोंडातून बाहेर येत नसे आणि त्या वेळात तिला कुणी प्रश्न विचारलेला चालत नसे. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. मशेरी त्या कायद्याच्या शेजारून, तव्यावरूनच निघून गेली. गावोगावी ती अजून लावली जाते, आणि तिचा हिशेब एनॅमलपाशी थांबत नाही, तोंडाच्या कर्करोगापर्यंत जातो. एरवी दाताच्या विषयात विनोद पुष्कळ सापडतो, इथे मात्र सापडत नाही.

पावडर विरुद्ध पेस्ट या भांडणाचा निकाल न्यायालयातही लागला आहे. २००४ साली एका टूथपेस्ट कंपनीची टीव्हीवर जाहिरात लागायची. तिच्यात सुनील शेट्टी लाल दंतमंजन विकत घेणाऱ्याला अडवतो आणि ती पावडर त्याच्याच चष्म्याच्या काचेवर घासून दाखवतो. काचेवर ओरखडे. मतलब असा की दातांवर हे रोज सँडपेपर फिरवताय. लाल दंतमंजन बनवणारी डाबर कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. नाव घेतलेलं नसलं तरी सगळ्या लाल मंजनांची एकजात बदनामी करता येणार नाही, असं म्हणून न्यायालयाने ती जाहिरात थांबवली. एनॅमलच्या बाजूने वकील कुणी दिला नव्हता. चष्म्याच्या बाजूने तर नव्हताच. चष्म्याची काच म्हणजे एनॅमल नव्हे, हा मुद्दा त्या गरीब चष्मेवाल्याला मांडता आला असता, पण त्याला त्या वेळी समोरचं दिसत नसणार.

आता तर काळ्या पावडरीचे दिवस परत आलेत. एके काळी कोळशाने दात घासणाऱ्याला अडाणी म्हणायचे. आता तोच कोळसा ‘अ‍ॅक्टिव्हेटेड’ होऊन, काळ्या ट्यूबमध्ये बसून, तिप्पट भावाने शहरात परत आला आहे. गावच्या पोराने परदेशातून आल्यावर आपल्याच काकांशी इंग्रजीत बोलावं तसा तो आपल्याशी बोलतो. कोळशाने दात पांढरे होतात किंवा कीड थांबते याला पुरेसा पुरावा नाही, असं दंतवैद्यकाच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांनी २०१७ मध्ये अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या नियतकालिकात लिहिलं. वरचा चहाचा डाग तो घासून काढत असेल, पण घासणं जास्त झालं तर डागाबरोबर बाकीचंही जातं. आणि गंमत अशी की एनॅमल पातळ झालं की खालचं पिवळं डेंटिन जास्त दिसू लागतं. पांढरे होण्यासाठी घासत सुटलेले दात त्यामुळेच पिवळे दिसू लागतात. मग माणूस आणखी घासतो.

कोळशाचा विषय निघाला म्हणून सेन्सिटिव्ह पेस्टचंही सांगून टाकतो. थंड पाण्याने दात ठणकणाऱ्यांसाठीच्या बऱ्याच पेस्टींत पोटॅशियम नायट्रेट असतं, म्हणजे सोरा. दाताच्या सूक्ष्म नळ्यांतून त्यातलं पोटॅशियम आतल्या नसेपर्यंत पोचतं आणि नसेची तक्रार करण्याची ताकद कमी करतं. त्याला दोनेक आठवडे लागतात. एनॅमल मात्र त्याने तसूभरही वाढत नाही. तक्रार बंद झाली म्हणजे काम झालं, ही समजूत आपल्याकडे इतर क्षेत्रांतही रूढ आहे. जाता जाता एक सूचना. सोरा, कोळसा आणि गंधक एकत्र केले की बंदुकीची दारू होते. आमच्या बेसिनवर सासूबाईंची सेन्सिटिव्ह पेस्ट आणि मुलाची कोळशाची पेस्ट शेजारी शेजारी आहेत. गंधकाची टूथपेस्ट अजून माझ्या पाहण्यात नाही, म्हणून बरं आहे.

यादीतलं पुढचं नाव सोडियम लॉरिल सल्फेट. हे मंडळाचं ढोल-ताशा पथक. फेस हा सगळा याचा. भांड्याच्या साबणात, शॅम्पूत आणि टूथपेस्टमध्ये एकच पथक वाजतं. फेसाने पेस्ट तोंडभर पसरते, सुटलेला मळ बाहेर वाहून जातो, आणि ‘काही तरी चाललंय’ असं वाटतं. हे शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. बिनफेसाची पेस्ट दिली तर माणूस दुकानदाराशी भांडायला जातो. एनॅमलला फेस काहीही करत नाही, भलं नाही आणि बुरंही नाही. पण ज्यांचं तोंड वारंवार येतं, त्यांच्यातल्या काहींना याचा त्रास होतो, त्यांनी बिनफेसाची ट्यूब शोधावी. दात घासून लगेच संत्र्याचा रस प्यायला तर कारल्याची आठवण येते, तेही याच पथकाचं काम. ते जिभेची गोडाची जाण काही वेळ बंद पाडतं आणि कडू तेवढं वर येतं. सासऱ्यांचा दुसरा शोध इथे निकालात निघाला. “फेसाने दात विरघळत नाहीत, मग जिभेला का झोंबतं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तो पुदिना. ते म्हणाले, “म्हणजे झोंबणाराही दुसराच.”

टायटॅनियम डायऑक्साइड ही रोषणाई. त्याने पेस्ट पांढरी दिसते, दात नव्हे. सॉर्बिटॉल आणि ग्लिसरीन पेस्ट वाळू देत नाहीत. ग्लिसरीनचा थर दातावर बसतो आणि एनॅमलला पुन्हा खनिज मिळू देत नाही, अशीही एक अफवा आहे. ग्लिसरीन पाण्यात सहज विरघळतं. तोंडात पाण्याला तोटा नाही. फ्लेक्सवरचे मान्यवर लवंग-कडुनिंब यांचा हिरडीला, श्वासाला उपयोग असेल, लवंगेचं तेल ठणका बधिरही करतं, पण कॅल्शियमच्या स्फटिकांच्या दुरुस्तीत त्यांना कुणी विचारत नाही. मिठाचंही तेच. तुमच्या टूथपेस्टमध्ये मीठ आहे का, असं टीव्हीवर दारोदार विचारून मीठ चर्चेत आलं खरं, पण एनॅमलने तो प्रश्न कधी विचारलेला नव्हता.

राहिला शेवटचा, दबकून उभा असलेला. फ्लोराइड.

याचं काम समजून घ्यायचं तर एनॅमलचा खरा शत्रू कोण ते आधी पाहावं लागतं. घासणं नव्हे, आंबट. साखर खाल्ली की तोंडातले जंतू तिचं आम्ल करतात. तोंडाचा पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतं. थोड्या वेळाने लाळ आम्लाला शमवते आणि आपल्याजवळचं कॅल्शियम-फॉस्फेट परत जागेवर बसवते. दिवसभर ही देवघेव चालू असते. फ्लोराइड या परतीच्या कामात हात लावतं. ते जवळ असलं की स्फटिक लवकर बसतो, आणि जो बसतो तो आधीपेक्षा चिवट असतो. तो ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतो. पडलेलं भोक फ्लोराइड बुजवत नाही, पण भोक पडण्याआधी जी पांढुरकी ठिसूळ जागा होते, तिथे ते वेळ मारून नेतं. सगळ्या ट्यूबमध्ये एनॅमलसाठी रात्री मंडपाचे बांबू रोवणारा कार्यकर्ता हा एकच. जपानमध्ये १९८० पासून खुद्द एनॅमलचाच पदार्थ, हायड्रॉक्सिअ‍ॅपटाइट, पेस्टमध्ये घालतात, तो दुसरा. पण आपल्या वाण्याकडे तो क्वचितच दिसतो आणि दिसला तर किंमत बघून आपण एनॅमलशिवाय राहायला तयार होतो.

मंडळ म्हटलं की गट आलेच. सोडियम फ्लोराइड आणि चुनखडी यांना एका ट्यूबमध्ये ठेवलं तर चुनखडीतलं कॅल्शियम फ्लोराइडला धरून बसतं आणि दातापर्यंत जाऊ देत नाही. कार्यकर्ता आपल्याच माणसांनी अडवलेला. म्हणून चुनखडीच्या पेस्टमध्ये फ्लोराइड मोनोफ्लुरोफॉस्फेटच्या रूपात घालतात, आणि सोडियम फ्लोराइड असेल तिथे घासण्याचं काम सिलिकाकडे देतात. हे वाचून सासरे पहिल्यांदाच कौतुकाने म्हणाले, “कंपनीत राजकारण कळणारी माणसं आहेत.”

“पण ते विष आहे त्याचं काय?” त्यांनी ट्यूब खाली ठेवली नाही.

विष आहेही आणि नाहीही, सगळं मापावर आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये मॅके नावाच्या दंतवैद्याला लोकांच्या दातांवर तपकिरी डाग दिसले. ते दात दिसायला वाईट, पण किडायला राजी नव्हते. पाण्यात काही तरी आहे एवढं त्याने ताडलं. १९३१ मध्ये एका अ‍ॅल्युमिनियम कंपनीच्या रसायनतज्ज्ञाने पाणी तपासून दाखवलं, ते फ्लोराइड. १९४५ मध्ये ग्रँड रॅपिड्स शहराने नळाच्या पाण्यात मुद्दाम थोडं फ्लोराइड घातलं. आपल्याकडे परिस्थिती उलट आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यातच ते जास्त आहे. तिथे मुलांच्या दातांवर डाग दिसतात आणि फार असेल तिथे हाडंही आखडतात. तुरटी आणि चुना वापरून पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याची नलगोंडा पद्धत आपल्या नागपूरच्या नीरी संस्थेने शोधली. त्या गावांतल्या माणसाने फ्लोराइडला शिव्या दिल्या तर त्याला तो अधिकार आहे.

पुण्यामुंबईत बसून शिव्या देण्याआधी मात्र गुणाकार करावा. आपल्या देशात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड १००० पीपीएमच्या वर घालता येत नाही आणि किती आहे ते ट्यूबवर छापावं लागतं. १००० पीपीएम म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये एक मिलिग्रॅम. वाटाण्याएवढी पेस्ट पाव ग्रॅम धरली तर तिच्यात पाव मिलिग्रॅम, आणि तेही थुंकायचं आहे. पिण्याच्या पाण्यात आपल्या मानकांनुसार लिटरला दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा आहे, आणि पाणी आपण थुंकत नाही. पेस्ट गिळणारी लहान मुलं तेवढी जपायची. तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, त्यावरच्यांना वाटाण्याएवढी. स्ट्रॉबेरीच्या चवीची पेस्ट काढायची आणि पोराला ‘खाऊ नको’ सांगायचं, हा कंपन्यांचा विनोद आमच्यापेक्षा वरच्या दर्जाचा आहे.

वाटाणा म्हटल्यावर आमच्या घरात सगळ्यांनी आपापल्या ब्रशकडे पाहिलं. जाहिरातीत ब्रशभर पेस्टची लाट असते, शेवटी तिला शेंडी काढलेली. त्या लाटेच्या चित्रावर हक्क कुणाचा, यासाठी २०१० साली अमेरिकेत दोन बलाढ्य कंपन्या कोर्टात गेल्या होत्या. जगभरच्या लोकांना चौपट पेस्ट वापरायला शिकवणारं चित्र ते, त्याच्यावर भांडण होणारच. आमच्याकडे लाट काढतात आणि महिनाअखेरीला तीच ट्यूब पोळपाटावर ठेवून लाटण्याने लाटतात. मग कात्रीने तिचं पोट फाडून आत ब्रश फिरवतात. त्या शेवटच्या चार दिवसांत आमचं घर योग्य प्रमाणात पेस्ट वापरतं.

आणि मग चूळ. सगळा घोळ तिथे आहे. सकाळी कुठल्याही चाळीत, सोसायटीत उभे राहा. आक् थू, खाकरणं, मग तोंडात पाणी घेऊन खळाळ, मान वर करून घरघर, दोन बोटं घशापर्यंत घालून जीभ साफ करताना काढलेला तो आवाज, जो ऐकून पाहुणे अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर शोधतात. तांब्याभर पाणी संपेपर्यंत हे चालतं. फ्लोराइडला काम करायला दातावर थोडा वेळ थांबायचं असतं, आणि आपण त्याला अर्ध्या मिनिटात मोरीत पोचवतो. लाटण्याने ट्यूब लाटून जी काटकसर केली, ती सगळी इथे वाहून जाते.

सासऱ्यांच्या दाढेच्या निमित्ताने आम्ही दंतवैद्य बाईंकडे गेलो. त्यांनी तोंडात आरसा घातला आणि हिरडीलगत दातांवर पडलेल्या आडव्या खाचा दाखवल्या. “काका, पेस्टपेक्षा तुमचा हात जड आहे. कडक ब्रश आडवा फिरवताय. मऊ ब्रश घ्या, हलका धरा.” सासऱ्यांना हे आवडलं. दोष केमिकलचा नव्हता तरी ताकदीचा होता. मग त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा लिंबू आणि सोड्याचा उपाय काढला. बाईंनी दोन्ही हात जोडले. लिंबाच्या रसाचा पीएच अडीचच्या आसपास. साडेपाचाला एनॅमल विरघळायला लागतं आणि त्यापासून तीन पायऱ्या खाली म्हणजे आम्ल हजार पट. सोलकढी, कोकम सरबत, चिंचेचं पन्हं खुशाल प्या, पण पिऊन लगेच ब्रश फिरवू नका. तेव्हा वरचा थर मऊ पडलेला असतो. लाळेला अर्धा तास द्या.

“आणि घासून झाल्यावर चूळ भरायची नाही. फक्त थुंकायचं.”

खोलीत शांतता पसरली. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जावयासमोर कुणी तरी आपला धर्म बुडवायला सांगतंय, असा चेहरा. “चूळ नाही? मग ते तोंडात तसंच?”

“तसंच. त्याचंच तर काम आहे.”

त्यांनी बराच विचार केला. माणूस सुज्ञ आहे, व्यवहारी आहे, गणेशोत्सवात कधी काळी खजिनदार होता. ते म्हणाले, “मग आधी चूळ भरतो. काय आवाज करायचे ते करून घेतो. मग ब्रश.” बाई म्हणाल्या, उत्तम, तसं चालेल. सासरे खूश झाले. त्यांनी फ्लोराइडला अभय दिलं, मऊ ब्रश मान्य केला, वाटाणा मान्य केला. आयुष्यात त्यांनी कुठल्याही डॉक्टरचं इतकं ऐकलेलं मी पाहिलेलं नाही. जाता जाता दारात थांबून त्यांनी सहज विचारलं, “आणि घासल्यावर चहा किती वेळाने?”

“अर्धा तास तरी थांबा.”

सासऱ्यांनी चप्पल पायात सरकवली. “रात्री घासलं तर?”

“रात्रीचं तर सगळ्यात महत्त्वाचं. झोपेत लाळ कमी असते, फ्लोराइड रात्रभर राहतं. त्यानंतर मात्र काही खायचं नाही.”

“काहीच?”

“काहीच.”

“हळदीचं दूधसुद्धा?”

बाईंनी मान हलवली. रिक्षात बसेपर्यंत सासरे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “जावईबापू, ते फ्लोराइड चांगलं आहे, मला पटलं. पण त्याचा आणि माझा दिनक्रम जमत नाही. त्याला म्हणावं, दुपारी दोन ते चार या वेळात ये. तेव्हा मी झोपलेला असतो.”